जुना फोटो रिस्टोअर करून घेतला: एकाने वल्ही पुसली, दुसऱ्याने ठेवली

दोन सेवांचा रिव्ह्यू एकत्रच लिहितेय, कारण दोघांनी एकाच फोटोवर काम केलंय त्यामुळे तुलना सरळ होते. पहिली ऑनलाइन, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा आणि दुसऱ्या दिवशी नवाकोरा करून घ्या या टाइपची. दुसरी म्हणजे साताऱ्यातला एक जुना फोटो स्टुडिओ. नावं दोघांचीही देत नाही. पहिल्यांसारखी दुकानं इतकी झालीयत की एकाचं नाव घेऊन काही साधणार नाही, आणि स्टुडिओवाल्या काकांनीच बजावलंय की ताई नाव टाकू नका, आधीच लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नसतो.

फोटो कसला ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वेण्णा लेक, महाबळेश्वर. मागे आजोबांच्या अक्षरात शाईने "मे १९६९" एवढंच. ब्लॅक अँड व्हाइट, चौकोनी, साधारण ६ बाय ६ सेंटिमीटर, दातेरी कडा. आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनायचा तो, १२० च्या रोलवर बारा फोटो, आणि सेटिंग म्हणजे ऊन आहे की ढग आहे एवढंच ठरवायचं. फोटो मोठा करून घ्यायचे पैसे वेगळे पडायचे म्हणून निगेटिव्हच्याच मापाची प्रिंट काढून अल्बमात लावायची पद्धत होती, हा त्यातलाच. काळ्या जाड पानावर चार कोपरे लावून बसवलेला, आणि त्या काळ्या पानाच्या अल्बममुळेच टिकला म्हणायचं, कारण नंतर १९८० च्या आसपास आलेल्या त्या चिकट पानांच्या प्लास्टिकवाल्या अल्बममध्ये गेलेले आमचे बाकीचे फोटो आता सोडवायला गेलं की पापुद्र्यासकट निघतात.

तर फोटोत पुढे एक होडी. त्यात आजी नऊवारीत, शेजारी माझे बाबा हाफ पँटमध्ये, आणि वल्ही मारतेय आमची आत्या. एकोणीस वर्षांची, दोन वेण्या, पदर खोचलेला. होडीवाला वल्ही पोरीच्या हातात देऊन तिच्या पाठीमागे टोकाला निवांत बसलाय. वल्हवणारा पुढच्या टोकाकडे पाठ करून बसतो, त्यामुळे आत्या आणि आजी अगदी समोरासमोर आल्यात, आणि आजीच्या तोंडावर स्पष्ट लिहिलंय की ही आता बुडवते सगळ्यांना. कारणही फोटोतच दिसतं: आत्याचं डावं वल्हं पाण्यात आहे आणि उजवं वर हवेत, त्याच्या पात्यावरून पाणी गळतंय. शिकाऊ माणसाचं हेच होतं, दोन्ही हात एका वेळी चालत नाहीत आणि होडी जागच्या जागी गरगर फिरते. मागे काठाला बांधलेल्या दोन रिकाम्या होड्या, आणि लांबवर आणखी एक, त्यात टोपीवाला एक माणूस. लाइफ जॅकेट कोणाच्याच अंगात नाही.

आत्याची पंचाहत्तरी होती, तिला हा फोटो मोठा करून फ्रेममध्ये द्यायचा असं आम्ही भावंडांनी ठरवलं. फोटोची अवस्था म्हणजे मधोमध एक आडवी मोड, एका कोपऱ्यात बुरशीचे ठिपके, कडेच्या काळ्या भागावर ती निळसर चंदेरी झाक (फोटोतलीच चांदी वर्षानुवर्षं दमट हवेत राहून वर येते, तिरका धरला की चकाकते), आणि बरोबर आकाशात हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा. कोणी स्वयंपाक करता करता अल्बम बघितला असणार, आमच्याकडे संशयित भरपूर आहेत.

पहिली सेवा. बोलायला गोड, रिप्लाय फटाफट, पैसे आधी. त्यांनी सांगितलं मोबाइलनेच खिडकीजवळ फोटो काढून पाठवा, स्कॅन वगैरेची गरज नाही, आमचं एआय सगळं करतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल आली. आणि पहिल्या क्षणी खरंच वाटलं की वा, काय चकाचक! मोड गेली, ठिपके गेले, हळद गेली, बाबांच्या शर्टाची बटणं मोजता येत होती. मग चुलतभावाने विचारलं, आत्या हाताने काय करतेय?

वल्हीच नव्हती. दोन्ही वल्ही साफ पुसलेली. डावं नाही, उजवं नाही, गळणारं पाणी नाही, आणि आत्या होडीत मुठी आवळून बसलेली, समोर बसलेल्या आईशी भांडायला निघाल्यासारखी. आजीची ती घाबरलेली मुद्रा मात्र तशीच, त्यामुळे चित्र अजूनच भलतं दिसायला लागलं. आणि लांबच्या होडीतला टोपीवाला? त्याचा ओंडका झालाय. होडीत ओंडका.

तक्रार केली तर उत्तर आलं, "सर ते स्क्रॅचेस होते म्हणून रिमूव्ह केले." (मी सर नाही, पण तेही त्यांच्या एआयला कळलं नसेल.) परत पाठवला, त्यांनी वल्हं आणून दिलं, एकच, आणि तेही आत्याच्या कोपरातून उगवलेलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर "रिव्हिजन लिमिट संपली". रिफंड नाही. ९०० रुपये गेले, ठीक आहे, पण मला पैशापेक्षा ते "स्क्रॅचेस होते" जास्त झोंबलं, कारण एका माणसाने दोन सेकंद मूळ फोटोकडे बघितलं असतं तरी कळलं असतं की होडी आहे, बाई बसलीय, हात पुढे आहेत, मग हातात काय असणार.

हे होतं का, तर विचार केला की लक्षात येतं. जुन्या फोटोवरचा ओरखडा कसा दिसतो? बारीक, सरळ, फिकट, आजूबाजूच्या गडद भागाला कापत जाणारा. आणि उन्हात पाण्यावर धरलेलं ओलं वल्हं कसं दिसतं? अगदी तसंच. सॉफ्टवेअरला ओरखडे ओळखायला शिकवलेलं असतं, वेण्णा लेक माहीत नसतो. फोनच्या तारा, पतंगाचा मांजा, काठी, छत्रीची काडी, सतारीच्या तारा, अशा सगळ्या गोष्टींना हा धोका आहे, तेव्हा तुमच्या फोटोत यातलं काही असेल तर आधीच लिहून द्या.

चेहऱ्यांचं वेगळंच. मूळ फोटोत आत्याचा चेहरा जेमतेम ३ मिलिमीटरचा आहे. ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तरी सत्तरेक पिक्सेल होतात, आणि इथे तर मोबाइलचा फोटो, तोही व्हॉट्सॲपने दाबलेला. एवढ्याशा ऐवजातून पापण्या आणि ओठांची कड येणार कुठून? येत नाही, बनवली जाते. फाइलमधली मुलगी देखणी आहे, नाक सरळ आहे, गाल गुळगुळीत आहेत, फक्त ती आमची आत्या नाही. आमच्या घराण्याचं नाक असं सरळ असतं तर काय हवं होतं.

वर एक कलर व्हर्जन फ्री मिळालं. तलाव निळाशार, मागचे डोंगर हिरवेगार, काठावर सोनेरी वाळू. मे महिन्यात! महाबळेश्वरची माती जांभ्याची, लालभडक, वेण्णाच्या काठावर बसून आलं की पांढऱ्या कपड्यांचं काय होतं हे तिथे गेलेल्या कोणालाही विचारा. झाडं तर टोकदार नाताळची करून टाकली, तिकडे जांभूळ, हिरडा, अंजन, गेळा असली गोल डोक्याची झाडं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर रंग नसतोच, फक्त उजेड किती पडला तेवढं असतं, सारख्याच उजळपणाचे हिरवा आणि लाल शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच करड्या रंगाचे येतात. म्हणजे रंग भरणं हा अंदाजच. अंदाज करायला हरकत नाही पण मग ज्याला माहितीय त्याला विचारा तरी. आजीचं लुगडं त्यांनी जांभळं केलं. बाबांनी बघताक्षणी सांगितलं, आईचं ते इरकली होतं, हिरवं, लाल पदराचं, जांभळं लुगडं तिने कधी नेसलंच नाही.

एक तारा, तोही फटाफट रिप्लायसाठी.

आता दुसरी सेवा. हा स्टुडिओ पोवई नाक्याच्या बाजूला, बाहेर पासपोर्ट फोटो आणि बारशाच्या फ्रेम लावलेल्या, आत गेलं की मागच्या खोलीत स्कॅनर आणि मोठा मॉनिटर. डार्करूम बंद होऊन जमाना झाला पण लाल बल्ब अजून होल्डरला आहे. काकांनी फोटो हातात घेतला तो कडेला धरूनच, भिंग लावलं, आणि पहिला प्रश्न विचारला की निगेटिव्ह आहे का. नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, फोटोतलं कोण हयात आहे. म्हटलं बाबा आहेत, आत्या आहे. मग म्हणाले, "त्यांना फोन लावा, काय काय आहे ते विचारून एका कागदावर लिहून आणा. मी पाण्यातलं काही पुसून बसायचो."

मला इथेच कळलं की हा माणूस बरोबर आहे.

आत्याला आधी कळू द्यायचं नव्हतं म्हणून बाबांनाच विचारून सगळं लिहून नेलं. वल्ही दोन, पाण्याचे थेंब खरे, लांबचा माणूस खरा, काठावरून होडीपर्यंत जाणारी बारीक रेघ म्हणजे दोर. या दोराकडे आमच्यापैकी कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, काकांनी भिंगातून दाखवला.

स्कॅन माझ्यासमोरच केलं. १२०० डीपीआय, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन कलरमध्ये. का ते मॉनिटरवर दाखवलं, आणि ही सगळ्या प्रकारातली सगळ्यात भारी गोष्ट होती. कलर स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगवेगळे बघता येतात. निळा थर लावला तर हळदीचा ठसा काळाकुट्ट, बोटाच्या रेषासुद्धा मोजाव्यात. हिरवा लावला, फिका झाला. लाल लावला आणि ठसा गायब. पुसला नाही, काही नाही, गायबच. पिवळा रंग निळा उजेड खातो आणि लाल सोडून देतो, म्हणून लाल थरात हळद दिसतच नाही. मग काका सरळ लाल थर घेऊनच पुढे गेले. पहिल्या लोकांच्या फाइलमध्ये त्याच जागी कुठून तरी उचलून आणलेला ढग चिकटवला होता. ढग!

दुसरी युक्ती मोडीसाठी. फोटो एकदा सरळ स्कॅन केला, मग उलटा फिरवून परत. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने तिरका पडतो, त्यामुळे कागदावर जिथे खरोखर मोड किंवा ओरखडा आहे तिथे बारीकशी सावली पडते, आणि फोटो फिरवला की ती सावली दुसऱ्या बाजूला जाते. फोटोत छापलेली रेघ मात्र दोन्ही स्कॅनमध्ये जशीच्या तशी. दोन्ही फाइली एकावर एक ठेवून काका पुढेमागे करत होते: मोड हलली, हे बघा, आणि वल्हं हललं का? नाही ना, मग ते चित्रातलं, त्याला हात लावायचा नाही. इतकं साधं. नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून हे कोण आणि कसं करणार?

काम चालू असताना गप्पा. साताऱ्याचा माणूस आणि वेण्णा लेक म्हटल्यावर विषय निघणारच. हे तळं नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलं, महाबळेश्वरला पाणी मिळावं म्हणून, होड्या-बिड्या नंतरचं. "आणि पाणी शेवटी येतं आमच्याकडेच," काका म्हणाले, "कण्हेर धरणात, आणि मग माहुलीला कृष्णेत." हे त्यांनी असं सांगितलं की जणू त्यांच्या घरच्या नळाची गोष्ट. मी आपलं हो हो केलं, खरंच आहे ते.

त्यांनी काय सोडून दिलं ते सांगते, कारण माझ्या मते रिस्टोरेशनची परीक्षा तिथेच होते. आग्फा क्लिकची लेन्स साधी, कोपऱ्यांत फोटो मऊ पडतो, तो मऊपणा ठेवला. आकाश उजवीकडे जरा जास्त जळलंय, ते ठेवलं. आत्याच्या उजव्या हाताचा पंजा हलल्यामुळे पुसट आलाय, तोही तसाच. मी म्हटलं जरा शार्प करता येईल का, तर म्हणाले, "ताई, हलत होता म्हणून हललाय, थांबवायचा कशाला?" दातेरी कडासुद्धा स्कॅनमध्ये घेतल्या. काढलं काय तर मोड, बुरशीचे ठिपके, चंदेरी झाक आणि हळद. म्हणजे १९६९ नंतर कागदावर जे आलं तेवढंच. चेहऱ्यांना हात नाही. मोठा करून बघितला तर आजीचा चेहरा म्हणजे दाणे दाणे, जवळून काही कळत नाही, पण चार हात लांब उभं राहिलं की आजी. घाबरलेली.

आम्हाला १२ बाय १२ इंची प्रिंट हवी होती, काकांनी नाही म्हटलं. आतलं चित्र सव्वादोन इंचाच्या आत-बाहेर, १२०० ने गुणलं की अडीच हजारांवर थोडे पिक्सेल होतात, प्रिंटला इंचाला ३०० च्या हिशोबाने चांगली प्रिंट ९ इंचांपर्यंतच. त्यापुढे २४०० डीपीआयला स्कॅन करून फाइल फुगवता येते, फोटोत नसलेलं काही वाढत नाही. मग ९ बाय ९ प्रिंट, भोवती रुंद पांढरा माउंट (पुठ्ठ्याची चौकट), आणि फ्रेम बाहेरून १४ ची झाली. भिंतीवर मोठीच दिसते. कागद मॅट, सुती धाग्याचा, शाई पिगमेंटची. माउंट असल्यामुळे काच प्रिंटला टेकत नाही, आणि आत्या डोंबिवलीला राहते म्हणजे पावसाळ्यात हवेतला दमटपणा विचारूच नका, काचेला टेकलेला फोटो दोन-चार पावसाळ्यांत चिकटतो. मूळ फोटो परत देताना साध्या कागदाच्या पाकिटात घालून दिला, पीव्हीसीच्या पाऊचमध्ये ठेवू नका म्हणाले.

आता नावं ठेवायच्या गोष्टी, त्याही आहेत. वेळ पाळत नाहीत. "बुधवारी या" म्हणजे कुठल्या बुधवारी ते आपण समजून घ्यायचं. फोन उचलत नाहीत, दुपारी १ ते ४ शटर खाली, आणि पैसे रोख दिले तर चेहरा खुलतो. माउंट एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त कापला गेलाय, माझ्याशिवाय कोणाला दिसत नाही पण मला दिसतो. रंगीत करून देत नाहीत, विचारलं तर नुसते हसतात, त्यामुळे ज्यांना कलरच हवंय त्यांनी दुसरीकडे जावं. किंमत पहिल्यांपेक्षा जास्त, रिस्टोरेशनचे १,५०० आणि प्रिंट, माउंट, फ्रेम वेगळं. एका फोटोवर माणूस तासन्‌तास बसतो हे बघितल्यावर मला ते जास्त वाटले नाहीत, पण पन्नास फोटोंचा अल्बम करायचा असेल तर खिशाला परवडणार नाही. तेव्हा असं करा, सगळे फोटो नीट स्कॅन करून ठेवा आणि त्यातले दोन-तीनच अशा माणसाकडे द्या.

आत्याला फ्रेम दिली तेव्हा तिने आधी स्वतःला बघितलंच नाही, लांबच्या होडीतल्या टोपीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा ओरडत होता मला, उजवा हात मार, उजवा हात मार." मग बाबांचं आणि तिचं जुंपलं, बाबा म्हणाले तो नाही, आपलाच होडीवाला ओरडत होता. अजून निकाल लागलेला नाही.

मधे आम्ही तिला घेऊन वेण्णा लेकला जाऊनही आलो, ती जागा सापडते का बघायला. सीझनला जाऊ नका, पाचगणीहून येणारा रस्ता तळ्याच्या कडेनेच जातो आणि गाड्या तिथेच तुंबतात. वल्ह्याच्या होड्या अजून आहेत, पेडलच्या बोटी आहेत, आता लाइफ जॅकेट घालावंच लागतं आणि ते चांगलंच आहे. काठावर घोडे, मक्याची कणसं, स्ट्रॉबेरी क्रीम, चणे. नेमकी जागा काही सापडली नाही, पण मागच्या डोंगराची रेघ फोटोशी जुळली. आत्याने होडीवाल्याकडे वल्ही मागितली, त्याने दिली नाहीत.

काकांना साडेचार तारे, अर्धा त्या बुधवारचा कापला. जाणार असाल तर मूळ फोटोच घेऊन जा, मोबाइलवरचा दाखवलात तर बघतही नाहीत. आणि काम झालं की जेपीजीसोबत टिफ फाइलही (जेपीजीसारखं काही न गाळता साठवलेली, मोठी) मागून घ्या, ती न मागता देत नाहीत, पेन ड्राइव्ह आपला न्यावा लागतो.